मास्टर त्र्यंबकांच्या गावी, भुलाबाईच्या दिवसांत

मलकापूरला जाण्याचं खरं कारण मी घरी सांगितलं नव्हतं. घरी सांगितलं ते असं: मास्तर गेले तेव्हा आपल्याकडून कुणी त्यांच्या गावी गेलं नाही, आता पाऊस उघडला आहे, त्यांच्या पत्नीला भेटून यावं. यात खोटं काही नव्हतं. पण मला पाहायचं होतं ते एवढंच, की मास्तरांची शेवटची चाल माझ्याखेरीज आणखी कुणाला ठाऊक आहे का.

मास्टर त्र्यंबक हे नाव बोलपट पाहणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. त्यांची गाणी आमच्या रस्त्यावरचा पानवाला म्हणतो आणि आमच्या शाळेतल्या पारशी मुलीही म्हणत. पण ते मुंबईत आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एका खोलीत राहत, आणि त्यांना गाणं लिहिता येत नसे, हे फार थोड्यांना माहीत होतं. चाली त्यांच्या डोक्यात असत. बोलपट कंपनीतले गोव्याचे व्हायोलिनवाले फक्त इंग्रजी पद्धतीचे सूर वाचत. मी शाळेत नन्सकडून पियानो शिकले होते. म्हणून कामाच्या दिवसांत संध्याकाळी मास्तर वर आमच्याकडे येत, गात, आणि मी ते पाच रेघांवर उतरवून देई.

मी फारशी बोलत नाही. शाळेत माझ्या मराठीला हसत आणि घरी माझ्या इंग्रजीला, त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहणं सोयीचं झालं. मास्तरांना ते चालत असे, निदान मला तसं वाटे. ते अर्धी ओळ गात, मध्येच थांबत, बोट वर करत आणि माझ्याकडे पाहत. मी कागदाकडे पाहत असे. थोड्या वेळाने ते आपणच ओळ पुरी करत. तो थांबण्याचा क्षण मला फार आवडे. या माणसाची चाल पुरी होण्याआधी तिच्याजवळ बसलेली जगात मी एकटी आहे, असं मी मनात म्हणत असे.

गेल्या थंडीत त्यांनी मला एक चाल दिली. अगदी शेवटच्या ओळीला ते थांबले, त्यांना खोकला आला होता. तो लवकर थांबेना. माझा हात पियानोवरच होता. काय करावं सुचेना म्हणून मी ओळ पुढे वाजवून टाकली. मास्तरांनी श्वास घेतला, डोळे पुसले आणि म्हणाले, "हां. हेच लिव, बाई." त्यानंतर ते वर आले नाहीत. तापाने अंथरूण धरलं आणि त्यातच गेले.

कंपनीचे मालक दोनदा आमच्या घरी येऊन गेले. त्यांच्या नव्या बोलपटाचं काम त्या एका गाण्यासाठी अडलं होतं. चाल माझ्याजवळ आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, मास्तरांच्या घरी विचारून सांगते. सबब चांगली होती. ती चाल मला कुणालाच द्यायची नव्हती.

मलकापूर

बरोबर आत्या होती. वडिलांची मोठी बहीण, पुण्याची. मी एकटीने वऱ्हाडात जायचं म्हटल्यावर ती आपण होऊन आली आणि येताना लाडवांचा डबा, तांब्या, सतरंजी आणि स्वतःची उशी घेऊन आली. गाडीत तिने डब्यातल्या सगळ्या बायकांची चौकशी केली. मलकापूरला उतरेपर्यंत तिला दोन जणींच्या सुनांचे स्वभाव पाठ होते आणि मी अजून एकीशीही बोलले नव्हते.

पहाटेचं मलकापूर मला आवडलं. कापसाचा हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळे अडत्यांच्या पेढ्या झाडून पुसून वाट पाहत बसल्यासारख्या होत्या. स्टेशनाबाहेर चहाच्या दुकानात एक शेठजी आणि एक मौलवी एकाच बाकावर बसून कापसाच्या भावाबद्दल भांडत होते. भांडण वऱ्हाडीत चाललं होतं, शिव्या हिंदीत. आत्या मला म्हणाली, "यांचं मराठी कळतं का गं तुला?" मला कळत होतं. मास्तर चिडले की असंच बोलत. दुकानदाराने विचारलं, कुठं जाऊन राह्यल्या? आत्याने गावाचं नाव सांगितलं, तसा तो म्हणाला, "तिंबकभाऊचं गाव." त्याने आमच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

तिंबकभाऊ. मी त्यांना इतकी वर्षं मास्तर म्हणत आले आणि इथे चहावाल्याजवळ त्यांचं घरगुती नाव होतं. मला ते बरं वाटलं नाही.

मोताळ्याचा रस्ता

मलकापूरहून बुलढाण्याकडे सर्व्हिस मोटार जाते. त्या दिवशी मोताळ्याचा बाजार होता, म्हणजे मोटारीत माणसांना जागा सर्वांत शेवटी. आत्याला ड्रायव्हरशेजारी बसवलं. माझ्या पायाशी कांद्याचं पोतं होतं आणि मांडीवर एका बाईने न विचारता आपली कोंबडी ठेवली. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ज्वारी आणि मध्ये कपाशीचे तुकडे. कपाशीची फुलं पिवळी असतात हे मला ठाऊक नव्हतं. पांढरी असतील अशी माझी समजूत. समोर दक्षिणेला डोंगराची निळी ओळ सबंध वाटभर तेवढ्याच अंतरावर राहिली. नळगंगा नदीपाशी मोटार चिखलात रुतली, तेव्हा सगळे पुरुष उतरून ढकलू लागले आणि आत्या खिडकीतून त्यांना सूचना देऊ लागली. एक म्हातारा म्हणाला, "माय, तुमी उतरल्या तं अर्धं वजन कमी होईन." आत्या त्यानंतर मोताळ्यापर्यंत बोलली नाही.

आत्याने आधी धाडलेल्या चार पानी पत्रावरून मोताळ्याला दमणी घेऊन हसनचाचा आले होते. दमणी म्हणजे छत असलेली हलकी बैलगाडी. हसनचाचा पिंजारी, म्हणजे गाद्यांचा कापूस पिंजणारे, आणि मास्तरांचे लहानपणापासूनचे दोस्त. उंच, दाढी मेंदीने रंगवलेली. त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं.

"दोन बाया येऊन राह्यल्या, एक बोलती अन् एक मुकी, असं वहिनी म्हने. बोलती कोन ते समजलं."

"मुकी कशावरून?" आत्याने विचारलं.

"तिंबकच सांगे नं. मुंबईत एक मुकी पोरगी हाय म्हने, म्या म्हनलेलं लिवून घेते. हात लय साजरा, पन तोंड म्हनून उघडत नाही."

मी सामान गाडीत चढवलं. मास्तरांनी गावी माझी आठवण काढली होती याचा आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या सगळ्या संध्याकाळींचा गावात एवढाच अर्थ पोचला होता.

गाडी ज्वारीतून चालली. ऊन होतं, पण वाऱ्याला ओल होती. आत्या उशीवर झोपली. हसनचाचा बैलांना काहीतरी म्हणत होते, मग त्यांचं म्हणणं गुणगुणण्यात गेलं, आणि मी ताठ बसले. ती माझी चाल होती. शब्द वेगळे, ठेका बैलांचा, पण चाल तीच. जी मी कंपनीच्या मालकांपासून लपवली, जी घरात कुणी नसतानाच मी वाजवत असे.

"ही चाल कुठली?" मी विचारलं. त्यांच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य.

त्यांनी मागे वळून पाहिलं. "बोलते तं खरी." मग म्हणाले, "हे? हे पोरीयचं हाय. भुलाबाईचं. मांगच्या सालापासून म्हनून राह्यल्या."

"पुढे काय आहे?"

"फुडं कौशीले ठाऊक. शेवट तिचा हाय. माया लक्षात नाही राहत. पिंजाले एवढंच पुरते."

कौशी म्हणजे मास्तरांची मुलगी, हे मला माहीत होतं. तिला गाणं येतं, हे मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं.

गाव

घर लहान, टिनाचं, पुढे सारवलेला ओटा. मास्तरांच्या पत्नी वेणूबाई दारातच उभ्या होत्या. मी पाया पडले. त्यांनी माझा उजवा हात धरून उलटा-सुलटा करून पाहिला, बाजारात वांगं पाहावं तसा. "हाच का व तो हात," म्हणाल्या, आणि आत जाऊन चूल फुंकायला लागल्या. त्या रडत होत्या की धूर होता, मला कळलं नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, घट्ट वरण आणि ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला आधी गोड वाढतात; इथे आधी तिखट आणि मग तो पाणी मागतो का ते पाहतात. आत्याने ठेचा कोथिंबिरीच्या चटणीच्या मापाने घेतला. पहिल्या घासानंतर तिने डोळे मिटले आणि देवाचं नाव घेतलं. वेणूबाईंनी न हसता तिच्यापुढे गूळ ठेवला. मी भाकरीच्या कडेने जपून खात होते. समोर उंबऱ्यावर बसून कौशी मला पाहत होती.

ती माझ्याच वयाची. लग्न होऊन पिंपळगाव राजाला गेलेली, आणि भुलाबाईसाठी माहेरी आलेली. इकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई, म्हणजे पार्वती, महिनाभर माहेरी येते, तशा लेकीही येतात. कपाळ मास्तरांचं, भुवयाही मास्तरांच्या. मला ते कपाळ तिच्याजवळ पाहवेना.

"तुमीच का त्या?" ती म्हणाली. "बाबा रोज तुमच्याकडं बसे नं?"

"रोज नाही. कामाच्या दिवशी."

"कामाचे दिवस म्हंजे रोजच. इथं भुलाबाईत येई तेवढंच. माया लग्नातबी हळदीले आला अन् अक्षता पडल्या का गाडी पकडाले गेला. मुंबईले गानं लिवाचं हाय म्हने."

त्या गाण्याची संध्याकाळ मला आठवत होती. मास्तर थेट स्टेशनवरून वर आले होते, अंगाला हळदीचा वास होता. मी कुणाचं लग्न म्हणूनही विचारलं नव्हतं.

"काऊन बोलत नाही?" कौशीने विचारलं.

"कौशे, जेऊ दे त्यायले," वेणूबाई आतून म्हणाल्या.

"मी कुठं हात धरला?" कौशी म्हणाली.

भुलाबाई

ज्या घरातलं माणूस गेलं तिथे वर्षभर भुलाबाई बसत नाही. म्हणून या साली ती शेजारच्या घरी बसली होती: मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, म्हणजे शंकर, वर ज्वारीच्या ताटांची खोप. तिन्हीसांजेला गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन जमू लागल्या. प्रत्येकीच्या हातात पदराखाली झाकलेला लहान डबा. वेणूबाईंच्या आणि त्या घराचा ओटा एकच होता. वेणूबाई आपल्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या, शेजारी आत्या, तिच्याशेजारी मी.

आत्या म्हणाली, "अगं, हा तर आपला भोंडलाच."

कौशी म्हणाली, "भोंडल्यात हत्ती असते म्हने. आमची बाई पायी येते."

मी मुलींसाठी मुंबईहून बिस्किटांचा मोठा डबा आणला होता, झाकणावर इंग्रजी बागेचं चित्र असलेला. आता द्यावा असं वाटून मी उठले, डबा उघडला आणि मुलींपुढे धरला. एकीनेही हात पुढे केला नाही. टिपऱ्या थांबल्या. सगळ्या कौशीकडे पाहू लागल्या. कौशीने पुढे होऊन झाकण लावलं आणि वर आपला पदर टाकला.

"दाखवली तं वळखाचं काय?" ती म्हणाली.

मला काहीच समजलं नाही. तेव्हा वेणूबाईंनी जवळ बसवून सांगितलं. गाणी झाली की खिरापत. पण खिरापत आधी दाखवत नाहीत. डबा कानाशी हलवून पाहायचा, गोड की तिखट विचारायचं, आणि ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण निघत नाही. ज्या मुलीने बरोबर ओळखलं तिला पहिला वाटा.

"त्यायनं चालीचंबी तसंच केलं," वेणूबाई म्हणाल्या. "दरसाल या ओट्यावर बसत. नवीन चाल अर्धी म्हनत, अन् मंग बोट वर. पोरीयनं फुडं म्हनाचं. दहाजणी दहाकडं जात. ज्या आवाजामांगं बाकीच्या आपसूक गेल्या, तो खरा म्हनत. त्या पोरीले पहिला वाटा सोताच्या हातानं. अन् तीच चाल मुंबईले नेत."

"तुमाले नाही का म्हनाले लावत?" कौशीने मला विचारलं. तिच्या आवाजात टोचणी नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

 माझ्या डोळ्यांपुढे मास्तरांचं वर केलेलं बोट होतं. ते बोट आमच्या दिवाणखान्यात माझ्यासमोर वर झालं होतं, किती संध्याकाळी, आणि मी पेन्सिलीला टोक आहे का ते पाहत होते. मला वाटे ते विचार करताहेत. ते माझी वाट पाहत होते. आणि या पोरी, ज्यांची नाकं वाहत होती, ज्यांना पाच रेघा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्या दरसाल बिनदिक्कत तोंड उघडून पुढची ओळ म्हणत होत्या. गावोगाव वाजलेल्या त्यांच्या गाण्यांत या गल्लीचे आवाज होते. मी फक्त लिहून घेणारी. मला त्या सगळ्यांचा राग आला, सर्वांत लहानीचासुद्धा.

गाणी सुरू झाली. टिपऱ्यांचा आवाज कोरडा, स्वच्छ. चौथं की पाचवं गाणं ते होतं.

*माहेराच्या उंबऱ्यावर पाय कोनता आधी,*
*डावा ठेवला, उजवा ठेवला, माय उभी मधी.*

शब्द वेगळे होते, पण "माय उभी मधी" म्हणजेच मास्तरांनी माझ्यापुढे थांबवलेली ओळ. माझ्याकडे ती वर जाते, वरच्या षड्जापाशी टेकते आणि तिथेच राहते. मुलींनी ती खाली आणली. हळूहळू, पायरी पायरीने, आणि शेवटी इतकी खाली की लहान मुलींना तो सूर लागेना, त्या नुसतं बोलल्यासारखं म्हणाल्या. कौशी टिपऱ्या खेळत नव्हती, बाजूला बसून नुसती गात होती. तिचा आवाज मास्तरांसारखा फाटका, पण खालच्या सुरात भरलेला. तो ऐकून वेणूबाईंनी गुडघ्यावर कपाळ टेकलं.

शेवट चांगला होता. हे लिहायला मला वेळ लागला.

"मुंबईत कसा होता शेवट?" वेणूबाईंनी वर पाहून विचारलं. "मांगच्या साली कौशीनं हा सांगतला तं ते हासले, पन वाटा नाही देला. म्हने, मुंबईले जाऊन पाह्यतो. मंग त्यायचं येनंच झालं नाही."

कौशी माझ्याकडे पाहत होती. सगळ्या मुली पाहत होत्या.

"इथे पियानो नाही," मी म्हटलं.

"गळा तं हाय," हसनचाचा ओट्याखालून म्हणाले. ते बैलांना चारा टाकायला आले होते आणि गेले नव्हते.

आत्याने माझ्या पाठीला हात लावला. ती काही बोलली नाही, आणि त्यामुळेच बहुधा मी उठले. मी कुणापुढे कधी गायले नव्हते. आवाज बारीक निघाला, पहिली ओळ थरथरली. पण शेवटाला मी चढले आणि वरचा सूर लागला. मी तो धरून ठेवला. 

"हे बाबाचं नाही," कौशी म्हणाली.

तिने एकदा आईकडे पाहिलं.

"बाबा वरतं जाऊन कधी थांबत नाही. खाली आनून सोडे. हे कोनाचं हाय?"

तिने एका ऐकण्यात ओळखलं होतं. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता, आणि मला खोटं सांगायचंही नव्हतं. उलट आतून काहीतरी उसळत होतं. "ते या ओळीला थांबले," मी म्हटलं. "मी पुढे वाजवलं. ते म्हणाले, हेच लिव."

वेणूबाईंनी मान हलवली. "म्हंजे वळखलं तुमी," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हाताकडे पुन्हा पाहिलं.

कौशीचा चेहरा बदलला. खालचा ओठ आत गेला, भुवया जवळ आल्या. "म्हंजे माया शेवट नाही घेतला त्यानं," ती म्हणाली. "माया ऐकून गेला, अन् तुमच्याफुडं पुन्हा बोट वर केलं."

त्या क्षणी मला एक वाक्य म्हणता आलं असतं. त्यांना खोकला आला होता, म्हणून ते थांबले. कदाचित त्या संध्याकाळी ते तिचाच शेवट गाणार होते, आणि श्वास पुरला नाही. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही. वाक्य तोंडाशी आलं होतं. पण मलकापूरच्या चहाच्या दुकानापासून त्या ओट्यापर्यंत सगळं माझ्याकडून काढून घेतलं जात होतं, आणि आता पहिल्यांदाच कुणाला तरी माझा हेवा वाटत होता. मी गप्प बसले. त्यात माझा हातखंडा होता.

कौशी उठली. "पुन्हा म्हना," मुलींना म्हणाली. "शेवटाले ज्याले जिकडं जाचं तिकडं जा."

मुली म्हणू लागल्या. "उजवा ठेवला"पर्यंत सगळ्या एक होत्या. मग फुटल्या. मोठ्या मुली कौशीबरोबर खाली गेल्या. पण लहान मुलींना तो खालचा सूर लागत नव्हताच. वरचा लागला, त्या खुशीने वर चढल्या. पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच. कौशी आणि मी दोघी ओट्याच्या दोन टोकांना उभ्या राहून आपापल्या मुली मोजत होतो. बोट वर करून कोणता खरा ते सांगणारं कुणी नव्हतं.

मुलींना त्याचं काही नव्हतं. एक म्हणाली, "बस झालं आता. खिरापत काय, गोड का तिखट?" आणि सगळ्या माझ्या डब्याभोवती जमल्या. तो उघडा पाहिला होता, तरी नियम म्हणून डबा कानाशी हलवला आणि चुकीचीच नावं घेतली: शेव, मुरमुरे, गूळ-खोबरं. शेवटी एका लहानीने भीत भीत "बिस्कुट" म्हटलं आणि पहिला वाटा घेतला. वाटा कौशीने तिच्या हातावर ठेवला.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेणूबाईंना मालकांबद्दल सांगितलं. चाल द्यायची का, असं विचारलं.

"दे नं, बाई," त्या म्हणाल्या. "त्यायचं नाव येईन पडद्यावर. अजून एकडाव."

कोणत्या शेवटाची ते त्यांनी विचारलं नाही. ते कौशीने विचारलं, दमणीत आत्याची उशी ठेवताना.

"कोनता लिवान?"

"बघू," मी म्हटलं.

"लिवा तुमाले जो लिवाचा तो. लिवनं तुमच्याच हातात हाय." तिने माझ्या मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि कोरडा ठेचा ठेवला. "हे तुमच्यासाठी. आत्याबाईले नका देजा." मग बैल चालू लागल्यावर शेजारून चालत म्हणाली, "मलकापूरले बाजारात तंबू लागते सिनेमाचा. माया सासूले लय शौक हाय. आमी येऊ पाहाले."

वेशीपर्यंत ती आली. तिथून तिने हात केला नाही, मीही केला नाही. मोताळ्यापर्यंत हसनचाचा काही गुणगुणले नाहीत. आत्या म्हणाली, पोर गुणी आहे हो, तिखट आहे पण गुणी आहे. मी हो म्हटलं.

मुंबईला आल्यावर आठवड्याच्या आत मी कागद मालकांना दिला. शेवट माझा लिहिला. दुसरा मला तेवढाच स्पष्ट आठवत होता, आणि तोही लिहिता आला असता. रेकॉर्डिंगच्या दिवशी मला स्टुडिओत बोलावलं होतं. व्हायोलिनवाले माझ्या रेघांवरून वर चढले, गाणारी बाई वर चढली आणि त्या सुरावर राहिली. सगळ्यांनी वाहवा केली. कुणी म्हणालं, मास्तरांनी जाता जाता काय जागा ठेवली आहे. मी मान खाली घातली.

चित्र आता लागलं आहे. रेकॉर्ड रस्त्यारस्त्यावर वाजते. इकडून फिरत फिरत चित्र वऱ्हाडात जाईल आणि कधीतरी मलकापूरच्या तंबूत लागेल. तिथे कौशी पुढच्या रांगेत सासूशेजारी बसेल. शेवटच्या ओळीला ती गप्प राहील, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. नाही राहणार. तिचा आवाज मी ऐकला आहे. पडद्यावरची बाई वर जाईल आणि कौशी खाली येईल, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. आधी सासू तिच्यामागे जाईल, मग मागच्या बायका, आणि मग सबंध तंबू. मुंबईत हे कुणाला कळणारही नाही. मला मात्र ते इथे बसल्या जागी ऐकू येतं, आणि त्यात माझा आवाज नाही.